आधी दवाखाना, मग पोलीस ठाणे!

आम्ही वकिली करतो आणि चळवळीतही आहोत. त्यामुळे रात्री-अपरात्री फोन येणे आम्हाला नवे नाही. कुणाला पोलिसांनी उचललेले असते, कुठे वस्तीत भांडण झालेले असते. परंतु नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून रात्री दीडच्या सुमारास आलेला एका मातेचा फोन आम्ही विसरू शकत नाही. तिचा बावीस वर्षांचा मुलगा मित्राच्या हळदीला गेला होता. तिथे दारूबरोबर कुणीतरी दिलेल्या गोळ्या त्याने घेतल्या. मित्रांनी त्याला रिक्षात घातले, घराच्या दाराशी उतरवले आणि ते निघून गेले. मुलगा विचित्र घोरत होता, हलवले तरी उठत नव्हता, ओठ निळे पडू लागले होते. आणि त्या माउलीने आम्हाला विचारलेला पहिला प्रश्न होता, "वकीलसाहेब, दवाखान्यात नेलं तर केस होईल का हो?"

पोरगं वाचेल का, हा प्रश्न नंतरचा. केस होईल का, हा पहिला! आम्ही सांगितले, केसचे आम्ही बघतो, तुम्ही आधी १०८ ला फोन लावा आणि त्याला कुशीवर वळवा. मुलगा वाचला. आजही तो उपचार घेतो आहे. परंतु त्याचे मित्र त्याला दवाखान्याऐवजी दाराशी टाकून का पळाले? ते दुष्ट होते म्हणून नव्हे. ते घाबरले होते म्हणून. नशेने जेवढी माणसे मरतात, त्यातली कित्येक या भीतीपोटी गेलेल्या दोन-तीन तासांनी मरतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. आजचा हा लेख त्या दोन-तीन तासांसाठी आहे.

पार्टीतले अमली पदार्थ म्हटले की आपल्या कार्यकर्त्यांना वाटते, हा श्रीमंतांच्या पोरांचा विषय. तसे वाटण्याला कारणही होते. मार्च २००७ मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे परिसरात पोलिसांनी रेव्ह पार्टीवर छापा घातला आणि अडीचशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. जून २०११ मध्ये रायगड जिल्ह्यात खालापूरच्या रिसॉर्टवर तसाच छापा पडला. त्या बातम्या वाचून आपण म्हणालो, पैसेवाल्यांची थेरं, आपल्याला काय त्याचे? आपल्या वस्तीचा प्रश्न दारूचा. ती भूमिका त्या वेळी काही अंशी बरोबर असेल. आज ती घातक आहे.

जरा नगर जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. सरकारदरबारी जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी नकाशा तोच आहे. जिल्ह्यातून जाणाऱ्या नाशिक-पुणे महामार्गावर उत्तरेला नाशिकजवळ शिंदे गाव आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे मेफेड्रोन, म्हणजे ज्याला पोरे 'एमडी' म्हणतात, त्याचा कारखाना सापडला. पूर्वेला शेवगाव तालुक्याला लागून पैठण. त्याच ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने छत्रपती संभाजीनगर आणि पैठण एमआयडीसीत छापे घालून कोकेन, केटामाईन आणि एमडीचा साठा पकडला. दक्षिणेला श्रीगोंद्याहून भीमा ओलांडली की दौंड तालुका आणि तिथली कुरकुंभ एमआयडीसी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी तिथल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी जप्त केले. मे २०२५ मध्ये तर खुद्द आपल्या जिल्ह्यात, श्रीरामपूरला, अल्प्राझोलम या गुंगीच्या औषधाचा कोट्यवधी रुपयांचा साठा पोलिसांनी पकडला. त्याआधी फेब्रुवारी २०२५ मध्ये तुळजापूरसारख्या तीर्थक्षेत्राच्या गावात एमडीचे प्रकरण उघड झाले. म्हणजे हा माल आता मुंबईच्या पबमध्ये परदेशातून येत नाही, आपल्या शेजारच्या एमआयडीसीत तयार होतो. आणि जो माल शेजारी तयार होतो तो स्वस्त होतो, आणि जो स्वस्त होतो तो वस्तीत येतो. हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

हा माल शरीरात जाऊन करतो काय, हे आपल्या घराघरांत ठाऊक असले पाहिजे. एमडी ही पांढरी पूड बहुधा नाकाने ओढली जाते. तिने झोप उडते, भूक मरते, अंगात जोर आल्यासारखे वाटते. परंतु तो असर एक-दोन तासांत ओसरतो, मग पुन्हा पुडी, पुन्हा पुडी. या काळात हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढत जातात. तरुण हृदयालाही झटका येऊ शकतो, ठोक्यांची लय बिघडू शकते. दोन-तीन रात्री झोप नसली की संशयाचे भूत डोक्यात शिरते. कुणीतरी मागावर आहे, घरचेच मारायला टपले आहेत, असे वाटू लागते. नशा उतरली की इतकी उदासी येते की काही पोरे जीव द्यायला निघतात. 'एक्स्टसी'च्या गोळीची गोष्ट थोडी निराळी. ती शरीराचे तापमान सांभाळण्याची यंत्रणा बिघडवते. गर्दीत, उकाड्यात, तासन् तास नाचताना अंग तापत जाते आणि नाचणाऱ्याला ते कळत नाही. उलट काही जण भीतीने घटाघट पाणी पितात, तेव्हा रक्तातले मीठ कमी होऊन मेंदूला सूज येते. १९९५ साली इंग्लंडमध्ये लीआ बेट्स नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीने आपल्या वाढदिवसाच्या पार्टीत अशी एक गोळी घेतली आणि त्यानंतर प्रमाणाबाहेर पाणी प्यायल्याने तिचा जीव गेला.

आता आपल्याकडे या. चौदा एप्रिलला नगरमध्ये ऊन किती असते हे कुणी सांगायला नको. डीजेच्या भिंतीसमोर चार-पाच तास नाचणाऱ्या पोराच्या पोटात दारू आणि नाकात एमडी असेल तर काय होईल? तो तापून कोसळेल, आणि आजूबाजूचे म्हणतील, ऊन लागले, जास्त झाली, पडू द्या बाजूला. आम्ही जयंतीचा मुद्दाम उल्लेख करतो, कारण आपल्या अंगणातले आपणच बोलले पाहिजे. गणपती, वराती, हळदी, थर्टी फर्स्ट यांना हेच लागू आहे. पण ज्या महामानवाने आयुष्य अभ्यासात घालवले त्याच्या जयंतीत आपले पोर नशेत पडलेले असावे, याची लाज आपल्याला इतरांपेक्षा जास्त वाटली पाहिजे.

तिसरा प्रकार गोळ्यांचा, आणि आमच्या मते वस्तीत तोच सर्वांत जास्त पसरलेला आहे. मराठवाड्यात ज्याला 'बटण' म्हणतात ती नायट्राझेपाम, मालेगावकडे जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात ती अल्प्राझोलम. ही दोन्ही खरे तर झोपेसाठी आणि चिंतेच्या आजारासाठी डॉक्टरांनी लिहून द्यायची औषधे. एकटी गोळी गुंगी आणते, परंतु दारूसोबत ती श्वासच मंद करते. माणूस घोरतो, मग श्वासाचे अंतर वाढते, उलटी होते, ती श्वासनलिकेत जाते आणि खेळ संपतो. वर उल्लेख केलेल्या मुलाच्या बाबतीत हेच घडत होते. 'झोपलाय, सकाळी उठेल,' असे म्हणून ज्यांना ठेवले जाते, त्यातले काही सकाळी उठत नाहीत. दुसरी गोष्ट, महिनोन् महिने या गोळ्या खाणाऱ्याने त्या एका दिवसात बंद केल्या तर आकडी येऊन जिवाला धोका होतो. आई-बापांनी खोलीत कोंडून गोळ्या सोडवू नयेत. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायच्या असतात. चौथा प्रकार व्यायामशाळांतून आला आहे. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब उतरला तर वापरायचे मेफेन्टरमाईनचे इंजेक्शन जोर यावा म्हणून टोचून घेतात. पुणे, सांगलीकडे त्याचे साठे पकडले गेले आहेत. निरोगी पोराचा रक्तदाब विनाकारण चढवणे म्हणजे हृदयाशी जुगार आहे.

आणि या सगळ्यावरचा मोठा धोका म्हणजे पुडीत नेमके काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. हा धडा नगर जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत नगर तालुक्यातील पांगरमल येथे एका उमेदवाराच्या वतीने मतदारांना जेवणाची पार्टी दिली गेली. पार्टीतली दारू विषारी निघाली. किमान ९ माणसे गेली. आणि तपासात जे बाहेर आले ते ऐकून महाराष्ट्र हादरला, कारण बनावट दारूचा धंदा चक्क जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या आवारातील कँटीनमधून चालत होता! जिथे जीव वाचवायचे तिथेच विष तयार झाले. त्याआधी जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीच्या झोपडपट्टीत विषारी दारूने शंभराहून अधिक गोरगरीब मेले, तिथे मिथेनॉल होते. मिथेनॉलचे वैशिष्ट्य असे की पिणाऱ्याला आधी काही वाटत नाही. कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, डोळ्यांपुढे धुके येते, पोटात कळ उठते, श्वास लागतो. तोपर्यंत डॉक्टरकडे पोहोचला तर डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात. न पोहोचला तर दोन्ही जातात.

पांगरमलच्या मेलेल्या माणसांना 'प्यायला कुणी सांगितले होते' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु दारू पाजली कुणी? बनवली कुणी? कुणाच्या डोळ्यांदेखत? मेलेल्याच्या चारित्र्यावर बोट ठेवले की विष बनवणाऱ्याकडे बोट जात नाही. एमडीच्या बाबतीत आज तेच चालू आहे.

आता कायद्याकडे येऊ, कारण भीतीचे मूळ तिथे आहे. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो. मेफेड्रोन त्यात फेब्रुवारी २०१५ मध्ये आले. कायद्याने मालाचे वजन पाहून गुन्ह्याची पायरी ठरवली आहे. एमडीच्या बाबतीत २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, तिथे कमाल एक वर्षाची शिक्षा. ५० ग्रॅमच्या वर गेले की व्यापारी प्रमाण, तिथे किमान दहा वर्षे, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळपास दुर्लभ. पन्नास ग्रॅम म्हणजे किती? शर्टाच्या खिशात मावेल एवढे. म्हणून मोठे व्यापारी स्वतः खिशात काही ठेवत नाहीत. ते आपल्या वस्तीतल्या बेरोजगार पोराच्या हाती पिशवी देतात आणि म्हणतात, एवढे पलीकडे पोहोचव, पाचशे रुपये घे. पाचशे रुपयांत ते पोर दहा वर्षे विकून बसते. आणि पोर अठराच्या आतले असेल तर त्याला अशा कामाला लावणाऱ्यावर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे. ते कलम तक्रारीत घातले जावे यासाठी आपणच पोलिसांकडे आग्रह धरला पाहिजे.

पण याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते वस्तीपर्यंत कुणी पोहोचवत नाही. कलम ६४-अ. व्यसनी व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि तिने स्वतःहून सरकारी अथवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. कलम ३९ खाली न्यायालयही अशा व्यक्तीला तुरुंगाऐवजी उपचारांना पाठवू शकते. कलम ५० प्रमाणे अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी, असे मागण्याचा हक्क आहे. आणि १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की, जखमी किंवा अत्यवस्थ माणसावर आधी उपचार, कायदेशीर सोपस्कार नंतर. दवाखान्यातून पोलिसांना कळवले जाते, हे खरे आहे. जबाब होतो, हेही खरे. परंतु बेशुद्ध मित्राला दवाखान्यात पोहोचवणे हा कोणत्याही कायद्यात गुन्हा नाही. गुन्ह्याची भीती बाळगायची असेल तर ती त्याला दाराशी टाकून पळण्याची बाळगा.

कायदा सर्वांना सारखा आहे का? ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझ प्रकरणात शाहरुख खान यांचा मुलगा आर्यन खान याला अटक झाली. त्याच्या अंगावर काहीही सापडले नव्हते. देशातले नामवंत वकील उभे राहिले, तरी उच्च न्यायालयातून जामीन मिळेपर्यंत तीन आठवड्यांहून अधिक काळ गेला, आणि मे २०२२ मध्ये तपास यंत्रणेनेच त्याच्याविरुद्ध पुरावा नसल्याचे सांगितले. त्या तरुणावर अन्याय झाला, असेच आम्ही म्हणतो. पण मग विचार करा, ज्याच्या बापाकडे वकिलाच्या फीचे पैसे नाहीत त्याचे किती आठवडे, किती महिने जात असतील? दुसरीकडे पाहा. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या बाहेर दोन कोटींचे एमडी पकडले गेले. ज्याच्याकडे संशयाची सुई होती तो आरोपी कैदी असून उपचारांच्या नावाखाली कित्येक महिने त्याच रुग्णालयात मुक्कामाला होता, आणि २ ऑक्टोबरला तो तिथून पळून गेला. विष विकणाऱ्याच्या आरोपीला सरकारी दवाखान्यात महिनोन् महिने खाट मिळते, आणि विष खाऊन पडलेल्या पोराला दवाखान्याच्या दाराची भीती वाटते. याला न्याय म्हणायचे काय?

सरकारचीच आकडेवारी बोलकी आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेले सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांपैकी २० जणांत फक्त एकाला कधी काळी काही उपचार मिळाले. व्हाइटनर, सोल्युशन हुंगण्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळले. व्यसनमुक्तीचे काम केंद्रात गृहखात्याकडे नाही, सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे नशा करणारा हा सरकारी कागदावर कल्याणाचा विषय आहे, आणि प्रत्यक्षात गाठ पडते ती हवालदाराशी. मानसिक आरोग्य कायदा २०१७ ने तर दारू आणि अमली पदार्थांतून उद्भवणाऱ्या आजाराला मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले, उपचार हा हक्क केला आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली.

बांधण्यावरून आठवले. दारूड्यांना खांबाला बांधून मारण्याचा प्रयोग याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीत झाला आणि त्याचे देशभर कौतुकही झाले. गावातली दारू कमी झाली असेल, ते आम्ही नाकारत नाही. परंतु मारल्याने आजार बरा होत नाही, लपतो. आणि लपलेला आजार रात्री दीड वाजता दाराशी येऊन पडतो. आज गावोगाव निघालेल्या काही खासगी व्यसनमुक्ती केंद्रांत पोरांना कोंडून मारतात, आणि आई-बाप त्यासाठी कर्ज काढून पैसे भरतात. मान्यता आहे का, डॉक्टर आहे का, हे विचारल्याशिवाय मुलाला कुठेही टाकू नका.

आपण दर रविवारी विहारात पंचशील ग्रहण करतो. पाचव्या शिलात नशेचा त्याग सांगितला तो प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे कारण म्हणून. बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने राज्यावरही हे कर्तव्य टाकले आहे. तेव्हा नशा वाईट की चांगली, हा आपल्यात वादाचा मुद्दाच नाही. परंतु शील मोडलेल्या माणसाचे काय करायचे? विनयपिटकात अतिसाराने आजारी, घाणीत पडलेल्या आणि इतर भिक्खूंनी टाकून दिलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तथागतांनी त्याला उपदेश केला नाही. आनंदाला पाणी आणायला लावले आणि स्वतः त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. आपल्या वस्तीतले गोळी खाऊन पडलेले पोर हा आपला आजारी भिक्खू आहे. आधी उचला, उपदेश शुद्धीवर आल्यावर करा.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. प्रत्येक विहार समितीने आणि जयंती मंडळाने चार पोरांना प्रथमोपचार शिकवावा आणि मिरवणुकीत त्यांना पाण्यासह उभे करावे. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवायचे, एकटे सोडायचे नाही, तोंडात ताक-लिंबूपाणी ओतायचे नाही, उलटी करवायची नाही. अंग भट्टीसारखे तापले असेल तर सावलीत घेऊन ओल्या कापडाने गार करायचे, १०८ ला फोन लावायचा, आणि डॉक्टरला काय घेतले ते खरे सांगायचे, उरलेली गोळी किंवा पाकीट सोबत न्यायचे. सवय लागली असेल तर केंद्र सरकारचा १४४४६ हा मोफत व्यसनमुक्ती क्रमांक आहे. औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळत असतील तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा, तोंडी नको. आणि क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या चौदा तालुक्यांच्या जिल्ह्यात व्यसनमुक्तीचा उपचार प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मिळालाच पाहिजे, ही मागणी घेऊन आपण रस्त्यावर आले पाहिजे. अकोल्यातल्या मजुराने पोराला घेऊन शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या गावी दर महिन्याला जायचे, आणि मजुरी बुडवायची, तर उपचार पूर्ण होणार कसे? आणि उपचार पूर्ण झाला नाही तर कलम ६४-अ चा लाभ मिळणार कसा?

त्या रात्रीची ती माउली परवा न्यायालयाच्या आवारात भेटली. मुलाला उपचारांना नेऊन परत निघाली होती. आम्ही विचारले, आता वस्तीत कुणाचे पोर असे पडले तर काय कराल? ती म्हणाली, "आधी गाडी बोलवीन. तुम्हाला फोन सकाळी." प्रत्येक घराला एवढे उत्तर पाठ झाले तरी या लेखाचे काम झाले.

जयभीम!